घाट, नाव आणि काठोकाठ पेला

भिंगरीला एका जागी बसवायचं तर खुर्चीला बांधावं लागेल, आणि मग ती खुर्चीसकट फिरेल, असं तिची सासू सगळ्यांना सांगायची. फार खोटं नव्हतं ते. चहाला उकळी येईपर्यंत भिंगरी ओट्यापासून दारापर्यंत सतरा फेऱ्या मारायची, आणि त्या सतराच आहेत हे तिला ठाऊक असायचं, कारण ती मोजायची. जिन्याच्या पायऱ्या मोजायची, दोरीवरचे चिमटे मोजायची, शेजारणीला शिंका आल्या तर त्याही. तिचं खरं नाव लग्नाच्या दिवशी एकदा घेतलं गेलं. त्यानंतर ते कुणालाच आठवलं नाही, तिला स्वतःलासुद्धा.

सासरी नावा बांधायचा धंदा. पत्र्याची लांबलचक शेड, जमिनीवर घोटाभर भुसा, आणि रंगाचा असा वास की पाहुणा आला तर त्याला जेवणही हिरवंच लागायचं. नवरा नावा बांधायचा. बांधलेली नाव घाट ओलांडून पलीकडच्या तळ्यावर पोचवायची, ते काम सासऱ्यांचं. मामंजींच्या गाडी चालवण्याबद्दल त्या घरात काय काय सांगायचे! म्हणे एकदा नावेत एक कोंबडी अंडी उबवत बसली होती, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. मामंजींनी डिझेल पिकअपच्या मागे ट्रेलर जोडला, ट्रेलरवर नाव, घाट चढले, घाट उतरले, नाव पाण्यात सोडली. आठवड्याने पिल्लं बाहेर पडली, कोंबडी दाणे टिपायला म्हणून खाली उतरली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपलं गाव बदललंय.

कोंबडी नसली तरी पुरावा म्हणून पेला होता. पितळेचा. गाडीच्या समोरच्या फळीवर मामंजींनी लाकडाचं एक कडं ठोकलं होतं, त्यात तो बरोब्बर बसायचा. शेडच्या फाटकात पेला काठोकाठ भरायचा आणि तळ्यावर पोचल्यावर सगळ्यांनी वाकून बघायचं. चाळीस वर्षांत थेंब सांडला नाही, असं सासूबाई सांगायच्या, आणि सासूबाई दर खेपेला शेजारच्या सीटवर असायच्या, त्यामुळे त्यांना खोटं कोण पाडणार?

मामंजी गेल्यावर गाडी आणि पेला दोन्ही धाकट्या दिराकडे आले. दीर देखणा, हे त्याचं स्वतःचं मत. त्याने पेल्यावरून एक शास्त्र बनवलं होतं: "इंजिन शांत, तर पाणी शांत. वरचा गियर, हलका पाय. इंजिन ओरडलं की समजायचं, चालवणारा अडाणी." भिंगरी पिकअपवरून फळ्या आणायची, रंगाचे डबे आणायची, पण नाव जोडून तिने गाडी कधी चालवली नव्हती. तिने विषय काढला की दीर हसायचा. "वहिनी, तुम्ही आणि पेला? तुम्ही नुसत्या शेजारून गेलात तरी पाणी हिंदकळतं."

तर अशा त्या दिराने मागच्या आठवड्यात गाडीला नवी टायरं बसवली. ही एवढी मोठी! गाडी बैलगाडीवर उभी केल्यासारखी उंच दिसायला लागली. आठवडाभर कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. परवा चारही टायरं एका फोटोत यावीत म्हणून हा गृहस्थ शिडीवर चढला, एक पायरी मागे सरकला, आणि त्या पायरीच्या मागे पायरी नव्हती. उजवं मनगट मोडलं. फोटो मात्र चांगला आला, आभाळाचा.

एरवी घरात दोन दिवस हसले असते. पण ती नाव थांबून चालणार नव्हतं.

भिंगरीची धाकटी बहीण तळ्याच्या पलीकडच्या काठावर दिलेली. तिथे पंधरा घरं, मागे सरळ कडा, रस्ता नाही. ये-जा सगळी नावेने, आणि ती नाव चालवणारा बहिणीचाच नवरा. चार दिवसांपूर्वी त्या जुन्या नावेचा तळ सुटला आणि ती काठाजवळच गुडघाभर पाण्यात बसली, ती बसलीच. आता तिथे उरली होती एक डोंगी, तीत दोन माणसं उकिडवी बसतात. आणि बहिणीला नववा महिना. बाळ आडवं. दवाखाना अलीकडच्या काठाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू व्हायच्या आत इथे यायचं. घरी आडवं बाळ कुणी सोडवू शकत नाही." आणि तळ्यावर दुपारी चारनंतर वारा सुटायचा, तो अंधार पडेपर्यंत थांबायचा नाही.

सकाळीच बहिणीचा फोन आला. "ताई, येतेस ना गं?"

"येते म्हणजे काय! निघालेच."

"निघालीस म्हणजे तू दारात चपला शोधतेयस."

"एक सापडलीय."

"बाळ रात्रभर लाथा मारतंय. तुझ्यावर गेलंय मेलं. स्वस्थ बसेल तर शपथ." बहीण हसली, पण हसू अर्ध्यात तुटलं. "ताई, खरंच ये हं. मला भीती वाटायला लागलीय."

भिंगरीने दुसरी चप्पल शोधलीच नाही. नवऱ्याची घातली.

नवरा पहाटेच तळ्यावर गेला होता, नाव पाण्यात सोडायचा उतार साफ करायला. शेडमध्ये दोन मजुरांनी ट्रेलर हुकात अडकवला, साखळ्या लावल्या. सासूबाईंना गाडीत चढवायला स्टूल आणावं लागलं.

"एवढी उंच कशाला केलीस रे?" सासूबाई वर चढता चढता म्हणाल्या. "ढगात जायचंय का?"

"स्टाइल असते आई," दीर गळ्यातल्या झोळीतला हात सावरत म्हणाला. मग खिडकीशी आला. "वहिनी, नीट ऐका. घाटात तिसऱ्याच्या खाली उतरायचं नाही. मागच्या वर्षी याच वजनाची नाव मी आख्खी तिसऱ्यात चढवलीय. इंजिनला ओरडू द्यायचं नाही. डिझेल आहे ते, कमी फेऱ्यांतच त्याची ताकद असते."

"बरं भावजी."

"आणि जरा शांत बसा. तुमचा पाय आत्ताच नाचतोय."

सासूबाईंनी पेला भरला, इतका की पाणी काठाच्या वर फुगून उभं राहिलं. स्टूल पायाशी ओढून घेतलं. नऊ वाजता गाडी फाटकाबाहेर पडली.

सपाटीवर काही वाटलं नाही. भिंगरी चौथ्यात होती, पाठ ताठ, दात आवळलेले, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा डावा पाय हलत नव्हता. आज शांत राहायचं, तिने ठरवलं होतं. दिराला दाखवण्यासाठी नाही. त्या आडव्या बाळासाठी. मागे आरशात नवी हिरवी नाव डुलत येत होती, जशी काही लग्नाला निघालेली जाडजूड मावशी.

घाटाच्या पायथ्याशी लाकडाची वखार होती. भिंगरी तिथूनच फळ्या आणायची. शेडपासून वखारीपर्यंत काटा तेवीस किलोमीटर दाखवतो, हे तिला पाठ होतं. आज तिने बघितलं, तर साडेवीस.

"आई, वखार अडीच किलोमीटर अलीकडे आली."

"वखारीला पाय फुटले का?"

"मोजण्यात माझं चुकलं असेल."

"तुझं मोजण्यात चुकलं तर सूर्य पश्चिमेला उगवेल. पुढे बघ."

पण भिंगरीच्या डोक्यात ते अडीच किलोमीटर चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहिले.

घाट सुरू झाला. चौथ्यातून तिसऱ्यात. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी चढत होती, पण कशी, तर पोटभर जेवलेल्या माणसाला कुणी कुस्तीला उभं करावं तशी. इंजिनचा आवाज शांत होता खरा, पण ती शांतता काही खरी नव्हती. खालून ढुब, ढुब, ढुब असे धक्के येत होते. सीट थरथरत होती. फेऱ्यांचा काटा तेराशेवर लोळत पडला होता. भिंगरी पाय दाबायची, तर वेग वाढायचा नाही, मागून काळा धूर निघायचा नुसता. आरशात बघितलं, तर हिरव्या नावेचं नाक कोळशासारखं झालेलं.

आणि पेल्यातलं पाणी! आधी बारीक गोल गोल कडी उठली. मग ती कडी एकमेकांवर आपटायला लागली. पाचव्या वळणावर पाणी पेल्यात अक्षरशः उड्या मारत होतं, फक्त काठाबाहेर पडायचं बाकी.

"शांत चालव गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, यापेक्षा शांत म्हणजे गाडी बंद."

सातव्या वळणाच्या आधी तापमानाचा काटा लालात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. वळणाच्या बाहेर थोडी मोकळी जागा होती. भिंगरीने गाडी तिथे घेतली, हँडब्रेक ओढला, उतरून चाकांमागे दगड लावले. इंजिन नुसतं सुरू ठेवलं. बॉनेट उचललं आणि हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला.

"हात तोडीन!" सासूबाई खिडकीतून ओरडल्या. "तापलेलं झाकण उघडलंस तर तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं होईल. तुझे मामंजी एकदा तीन दिवस भुवयांशिवाय हिंडले होते."

साडेअकरा वाजले होते. अजून पंधरा वळणं वर, मग उतार, मग तळ्यापर्यंत सपाटी. भिंगरीने दिराला फोन लावला.

"लाल झाला? शक्यच नाही," दीर म्हणाला. "तुम्ही रेस जास्त दिली असणार. अजून हळू न्या. इंजिन जेवढं कमी फिरेल तेवढं कमी तापेल, साधी गोष्ट आहे."

"भावजी, तेराशेवर होतं."

"मग बाराशेवर न्या!"

तिने फोन ठेवला आणि फेऱ्या मारायला लागली. गाडीभोवती, ट्रेलरभोवती, परत गाडीभोवती. एक, दोन, तीन. काय करणार? पाय थांबले की तिला बहिणीचं अर्धं हसू ऐकू यायचं. चौथ्या फेरीला ती टायराशी ठेचकाळली. पूर्वी टायराचा काठ तिच्या गुडघ्याच्या जरासा वर यायचा. आता मांडीला लागला.

ती थांबली. भिंगरी थांबली! सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं, काही झालं की काय पोरीला.

"आई," भिंगरी हळूच म्हणाली, "गाडीचा काटा किलोमीटर कसे मोजतो?"

"मला काय विचारतेस? मी काय काट्याची मावशी?"

"चाकाच्या गिरक्या मोजतो. एवढ्या गिरक्या म्हणजे एक किलोमीटर. पण गिरकीच मोठी झाली तर? चाक मोठं, एका गिरकीत रस्ता जास्त. काट्याला कोण सांगणार टायरं बदललीत म्हणून? तो बिचारा जुन्या हिशेबाने साडेवीस म्हणतो."

"म्हणजे वखार होती तिथेच आहे."

"वखार तिथेच आहे, पण तिसरा गियर तिथे नाही!" भिंगरी आता दोन्ही हातांनी बोलायला लागली. "आई, मी नवी नवी आले होते तेव्हा पाण्याचे डबे घेऊन जिना चढताना दोन दोन पायऱ्या घ्यायचे. आठवतं?"

"आणि वरच्या मजल्यावर जाऊन तुझी छाती लोहाराच्या भात्यासारखी व्हायची. मी म्हटलं, बाई, एकेक पायरी चढ, पाय भराभर टाक."

"तेच! मोठं चाक म्हणजे दोन दोन पायऱ्या. भावजींनी मागच्या वर्षी तिसऱ्यात चढवली ती लहान चाकांवर. आता त्यांनी तिसऱ्याला चौथ्याचे बूट घातलेत. इंजिन प्रत्येक ढांगेला मरतंय. आणि हे बघा," तिने बॉनेटखाली बोट दाखवलं, "हा पंखा कोण फिरवतं? इंजिन. आतलं पाणी कोण खेळवतं? इंजिनच. ते तेराशेवर रांगलं की पंखाही रांगतो. सगळ्यात जास्त कष्ट आणि सगळ्यात कमी वारा. तापेल नाही तर काय?"

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे एकेक पायरी."

"दुसरा गियर. आणि ओरडू दे त्याला."

काटा खाली यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात भिंगरीने गाडीभोवती एकशे चार फेऱ्या मारल्या. सव्वाबारा वाजले. दगड काढले. पहिल्यात गाडी उचलली, हँडब्रेक सोडताना नावेने मागून असा हिसका दिला की पेल्यातलं पाणी काठाबाहेर झुकून परत गेलं. मग दुसरा. आणि भिंगरीने पाय दाबला.

इंजिन ओरडलं. पंधराशे, दोन हजार, चोवीसशे. कुठेतरी आत शीळ वाजायला लागली, पंखा भणभणला, दरीतली पाखरं उठून शेजारच्या डोंगरावर राहायला गेली. सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि गाडी, जी मघाशी गुडघे टेकत होती, ती चढायला लागली. फार जोरात नाही. पण न थांबता, तुरुतुरु, लहान पावलं भराभर टाकत.

"आई, काटा बघा!"

"कुठला? इथे चार काटे आहेत!"

"तापाचा!"

"उतरतोय." सासूबाईंनी कानांवरचे हात काढले. त्यांचं लक्ष पेल्याकडे गेलं, आणि त्या पुढे वाकल्या, इतक्या की नाक पाण्याला लागायचं बाकी. "अगं बाई."

"सांडलं?"

"सांडलं कसलं! आरसा झालाय. माझ्या नाकातला केस दिसतोय मला."

खरंच. इंजिन तारस्वरात आणि पाणी गुळगुळीत. एक कडं उठत नव्हतं.

सासूबाई मागे टेकल्या आणि एकदम हसायला लागल्या. "अगं, तुझे मामंजी घाटात अस्संच करायचे! खालचा गियर, आणि हा असा आरडाओरडा. म्हणून तर माझा डावा कान गेला. मी आपली समजत होते, म्हातारपण."

"मग भावजी म्हणतात ते इंजिन शांत वगैरे?"

"तो लहानपणी यायचा आमच्याबरोबर. पण घाट लागला की त्याला मळमळायचं, म्हणून मी झोपवायचे त्याला मांडीवर, कानांवर पदर घालून. सपाटीला जागा व्हायचा. त्याने सगळा प्रवास सपाटीचाच बघितलाय!" त्यांनी डोळे पुसले. "मामंजी इंजिन ऐकत नव्हते गं. पाण्याकडे बघायचे. पाणी थरथरलं की गियर खाली."

भिंगरीचा डावा पाय आता मोकळा नाचत होता. वळणाला पहिला, सरळीला दुसरा, वळणाला पहिला. तिच्या स्वभावाचं इंजिन तिला मिळालं होतं.

घाटमाथ्यावर दीड वाजला. आणि फोन वाजला. सासूबाईंनी उचलला, ऐकला, आणि तोंड असं केलं की भिंगरीला शब्दांची गरज उरली नाही.

"कळा किती वेळाने येतात म्हणे?" तिने विचारलं.

"अर्ध्या तासाने एक. ती म्हणतेय, कळ नसेल, वायू असेल. नवऱ्याला म्हणे जिरं शोधायला लावलंय."

"वायू!" भिंगरीने घड्याळ बघितलं.

आता उतार. उतारात नाव मागे राहत नाही, पुढे यायला बघते. भिंगरीने दुसराच गियर ठेवला, पाय काढून घेतला. इंजिन घुमत गाडीला धरून होतं, ब्रेकला अधूनमधून नुसता स्पर्श. पण किती सावकाश! वळणामागून वळण, आणि प्रत्येक वळणावर दूर खाली तळं दिसायचं, ताटलीएवढं, आणि पुढच्या वळणावरही ताटलीएवढंच. एक कळ, मग अर्धा तास, मग दुसरी. भिंगरी मोजत होती. आठ वळणं झाली, तेरा राहिली. समोर लांबलचक सरळ उतार आला.

तिने तिसरा टाकला.

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आधीच गाडी सुटली. इंजिनचा धरलेला हात सैल झाला, आणि ती हिरवी मावशी मागून ढकलायला लागली. ब्रेक दाबला. परत दाबला. जळका वास आला, आणि पेडल जरा खोल गेल्यासारखं वाटलं. उताराच्या टोकाला वळण, वळणाला कठडा, कठड्यापलीकडे काही नाही.

"भिंगरे!"

भिंगरीने एकदाच, पण पूर्ण जोराने ब्रेक दाबला, क्लच, मध्ये एक रेस, आणि गियरचा दांडा दोन हातांचं बळ एका हातात आणून खाली ओढला. दुसरा लागला. इंजिन असं काही किंचाळलं की काटा चार हजारांवर थरथरला. पण धरलं त्याने. धरलं. गाडी वळणाला लागली तेव्हा माणूस चालतो त्या वेगावर आली होती.

वळण संपल्यावर भिंगरीने हळूच फळीकडे बघितलं. पेला दोन बोटं रिकामा. पाणी फळीवरून सासूबाईंच्या मांडीवर ठिबकत होतं.

"आई, सांडलं. चाळीस वर्षांत..."

सासूबाईंनी पायाशी हात घातला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि पेला भरला. काठोकाठ. मग फळी पदराने पुसली.

"पुढे बघून चालव."

"आई!"

"काय आई? बाटली मी काय शोभेला बाळगते? ह्याच उतारावर ते सांडायचे. दर खेपेला. घाई व्हायची त्यांना, तळं दिसलं की." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मी भरायचे. ते म्हणायचे, बघ, थेंब नाही सांडला. मी म्हणायचे, नाही हो."

"त्यांना माहीत होतं?"

"मला काय माहीत, त्यांना काय माहीत होतं! तू दुसऱ्यातच राहा."

ती दुसऱ्यातच राहिली. तेरा वळणं, एकही न चुकवता मोजलेली. सपाटीला लागल्यावर ब्रेकचा वास विरला, गियर एकेक करून वर गेला, इंजिन खरोखरचं शांत झालं. तळ्यावर पोचली तेव्हा सव्वातीन. पाण्यावर अजून सुरकुती नव्हती.

नवरा उतारावर गुडघाभर चिखलात उभा होता. "किती उशीर!" म्हणाला, आणि मग बायकोच्या पायातल्या स्वतःच्या चपलेकडे बघून पुढचं गिळलं. ट्रेलर उलटा पाण्यात गेला, पट्टे सुटले, नाव एकदा कण्हली आणि तरंगली. नवऱ्याने मोटर सुरू केली. भिंगरी नावेत पाय टाकणार, तोच तो म्हणाला, "तू थांब. तू बसलीस तर नाव गोल गोल फिरेल. गाडी तोंड फिरवून तयार ठेव."

मग ती काठावर चालली. इकडून बाभळीपर्यंत अठ्ठेचाळीस पावलं, बाभळीपासून इकडे अठ्ठेचाळीस. नाव लहान होत गेली, ठिपका झाली, पलीकडे चिकटली. किती वेळ चिकटून राहिली! बाभळीची पानं हलली. भिंगरीने वर बघितलं आणि पानाला दटावलं. चारला दहा कमी असताना ठिपका सुटला. मोठा होत आला. हिरवा झाला. त्यात एक भला मोठा पदर दिसला, आणि पदराखाली बहीण, दोन्ही हातांनी नावेचा काठ धरून.

नाव काठाला लागली, आणि तिच्या मागून वारा पाण्यावर उतरला.

"वायूच होता ना?" भिंगरीने विचारलं.

"वायूला डोकं असतं का गं?" बहीण म्हणाली आणि तिचा हात असा दाबला की बोटं पांढरी पडली. तिचा नवरा, नावाडी, अजून मुठीत जिऱ्याची पुडी घेऊन उभा होता.

गाडी एवढी उंच, ती चढणार कशी? सासूबाईंनी स्टूल पुढे केलं. चौघांनी मिळून बहिणीला वर घेतलं. ती टेकली, घामाने ओली, आणि समोर बघितलं. "पाणी."

सासूबाईंनी पेला कड्यातून काढला. बहिणीने तो एका दमात संपवला, थेंब न ठेवता.

"हे कुठलं पाणी गं? गोड आहे."

"घाटावरचं," सासूबाई म्हणाल्या. "फार जपून आणलंय."

दवाखान्यापर्यंत रस्ता सपाट. ट्रेलर मागे सोडलेला. भिंगरी चौथ्यात होती आणि रस्त्यातला खडा न खडा चुकवत होती. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या. त्यांनी बहिणीच्या पोटावर हात ठेवला, घड्याळ बघितलं, आणि भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "अजून तासभर उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." पाच वाजून वीस मिनिटांनी, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या बंद दारासमोर भिंगरीची तीनशे एकविसावी फेरी चालू असताना, आतून ओरडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, न थांबणारं.

"चोवीसशेवर आहे," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "तब्येत चांगली दिसतेय."

मुलगी झाली होती. आई बरी होती. भिंगरी तिथेच जमिनीवर बसली. किती वेळ बसली, ते तिने मोजलं नाही.

दिराचा फोन आला तेव्हा सासूबाईंनीच घेतला. "हो, मुलगी. हो, दोघी सुखरूप... काय? पेला? अरे, काठोकाठ भरलेला! थेंब नाही सांडला. तुझ्या वहिनीने घाटात असं काही चालवलं की पाण्यात मला माझं लहानपण दिसलं." भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि ऐक. ती टायरं उद्या उतरव. जुनी घाल. नाही, फेकायची नाहीत, मला पाहिजेत."

ती चार टायरं आता तळ्याच्या धक्क्याला दोरांनी टांगलेली आहेत. हिरवी नाव येऊन त्यांना टेकते, घासत नाही. दीर तिकडे गेला की त्यांच्याकडे बघत उभा राहतो. मनगट बरं झालंय त्याचं, पण घाटात तो आता शेजारच्या सीटवर बसतो, मळमळ सोसत, डोळे उघडे ठेवून. गाडी वहिनी चालवते. पायाशी एक पिशवी असते. तिच्यात काय आहे, ते त्याने विचारलं नाही, आणि त्याला कुणी सांगितलंही नाही.